पाय वाडीचे, हात गावाचे

फाल्गुन लागला की मला राग येतो.

ऋतूवर लिहायला बसलेल्या माणसाने असं बोलू नये, हे मला कळतं. या दिवसांत लिहिण्यासारखं दुसरं पुष्कळ आहे. वरंधच्या घाटाकडे तोंड करून उभं राहिलं तर उतारावरच्या सावरी, एक पान अंगावर नसताना, नुसत्या लाल फुलांनी पेटलेल्या दिसतात. काजूच्या बोंडांचा आंबूस वास दुपारी अंगाला चिकटतो. करवंदीच्या जाळीत पांढरी फुलं येतात आणि त्यांच्याखाली काटे असतातच. संध्याकाळी पोलादपूरपासून महाडपर्यंत, सावित्रीच्या दोन्ही काठांनी, राब भाजल्याचा निळा धूर जमीन धरून बसतो. हे सगळं मला दिसतं. पण चळवळीची पत्रकं लिहून लिहून हाताला वाईट खोड लागली आहे: एका वाक्यात काही वर्णन केलं की दुसऱ्यात कोणाला तरी जाब विचारायचा. इथंही तेच होणार. ज्यांना फुलंच हवी असतील त्यांनी सावरीपाशीच थांबावं.

राब म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकाला सांगितलं पाहिजे. पुढे ज्या तुकड्यात भाताची रोपं करायची तिथं झाडाच्या डहाळ्या, पालापाचोळा, शेण आणि वर माती असे थर द्यायचे आणि ते धुमसत जाळायचे. डहाळ्या डोंगरातून तोडायच्या आमच्या वाडीने. भारे डोक्यावरून उतरवायचे आमच्या वाडीने. राख मुरायची ती जमीन खोतांची. लहानपणी मला यात काही खटकलं नाही. मला वास आवडायचा, ऐनाच्या पानांचा, सुक्या शेणाचा, भाजलेल्या मातीचा. अजून आवडतो, आणि माझ्या रागाचं मूळ तिथंच आहे. ज्या दिवसांनी फसवलं त्यांचा वास गोड का असावा?

भात कापून झालं, झोडून झालं की खालची शेतं उघडी पडतात. बांध असतात, पण बांधावर राखणदार नसतो. गुरं मोकळी, पोरं मोकळी. या शेतातून त्या शेतात गेलं तर 'कोण रे तो' म्हणून कोणी हटकत नाही. पाऊस येईपर्यंत जमीन कोणाचीच नसते. म्हणजे आम्हांला तसं वाटायचं.

त्या उघड्या शेतांवर राघू धावायचा.

राघू माझा चुलतभाऊ. अंगाने काटक, बोलायला कमी. बाप लवकर गेला. घरात तो आणि त्याची आई. भारे घेऊन डोंगर चढउतार करून पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या. खेळाच्या दिवशी तो सकाळपासून तळपायांना करंजेल चोळत बसायचा, कारण कापलेल्या भाताचे खुंट शेतात उभे असतात आणि अनवाणी पायाला ते खिळ्यांसारखे लागतात. इतर पोरं खुंट चुकवत पळायची. राघू म्हणायचा, "चुकवायला गेलं का जास्त लागतात. दाबून पाय टाकायचा. खुंट आपोआप आडवा होतो."

खेळ कोणता, तेही सांगतो. त्याला नाव नाही. चेंडू माझ्या बापाने आणला. बाप मुंबईला गोदीत हमाल. शिमग्याला सगळे मुंबईकर येतात तसा तोही यायचा, बोटीने बाणकोट, तिथून पडावाने दासगाव, पुढे पायी. एका वर्षी त्याच्या गाठोड्यातून एक चामड्याचा चेंडू निघाला, दोन्ही टोकांना निमुळता.

"हा बोटीत दबला काय रे काका?" राघूने विचारलं.

"दबला नाय. असाच आसतो. मेरिकेच्या बोटीवरच्या खलाशाने दिलान."

"मेरिकेत नारळ चामड्याचे लागतात काय?" राघूची आई म्हणाली, आणि सगळी वाडी खो खो हसली.

गोदीच्या आवारात ते खलाशी खेळत. माझ्या बापाने सुटीच्या वेळी बघून बघून दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या होत्या. एकजण मागे चेंडू धरून उभा राहतो. दुसरा कडेकडेने सुसाट पळत सुटतो. मग मागचा चेंडू असा फेकतो की तो पळणाऱ्याच्या खांद्यावरून पुढे येऊन त्याच्या ओंजळीत पडतो. "बाकी नुसती मारामारी," बाप म्हणाला. "ती आपल्याकडं हायच." फेकणं आणि पळणं एवढंच समुद्र ओलांडून आलं. उरलेला खेळ आम्ही आमच्या मातीतून केला. झेललेला चेंडू घेऊन शेताचा पलीकडचा बांध ओलांडला की एक बांध झाला. झेलायच्या आत चेंडू भुईला लागला की माती. पळणाऱ्याला हुतूतूत धरतात तसं धरायचं. फेकणाऱ्याच्या हातात चेंडू असताना त्याला कोणी शिवलं, तरी डाव गेला.

पहिल्याच वर्षी प्रश्न निघाला की फेकणार कोण. खेळाचा प्रश्न खेळणाऱ्यांनी सोडवावा. पण आमच्याकडे तो गावकीपुढे गेला. देवळासमोर दगडी ओटा आहे, शिमग्यात देवीची पालखी तिथं बसते. त्याला सहाण म्हणतात. सहाणेवर पंच बसले, मध्ये चेंडू ठेवला. आप्पा खोतांनी तो काठीच्या टोकाने उलटासुलटा करून पाहिला. चामडं, म्हणून हात लावायचा नव्हता.

"आकार नारळाचा दिसतो," आप्पा म्हणाले. "आणि नारळाला पहिला हात मानकऱ्याचा."

झालं! ठरलं! कोणी हसलं नाही. वाडीतली आमची म्हातारी माणसंसुद्धा माना डोलावत होती, की बरोबर आहे, नारळाला हात मानकऱ्याचाच. फेकणं मानकऱ्यांच्या घरात राहिलं, पळणं वाडीकडे आलं. "डोंगरातल्या माणसांना पोटऱ्या असतात," एक पंच मोठ्या मायेने म्हणाले. पाय वाडीचे, हात गावाचे. पुढे आप्पांचाच पुतण्या तो चामड्याचा नारळ रोज छातीशी धरणार होता. त्याला विटाळ कसा नाही, हे विचारायला त्या दिवशी कोणाला सुचलं नाही.

तो पुतण्या म्हणजे दत्तू. त्याचे वडील तो लहान असताना गेले आणि तो काकांच्या हाताखाली वाढला. महाडच्या शाळेत तो आणि मी एका बाकावर बसलो. वाईट लिहायचं म्हणून लिहीत नाही; दत्तू चांगला होता. आमच्या चुलीपाशी बसून त्याने नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं खाल्लं आहे, आणि घरी जाऊन सांगितलंही आहे. मैदानात तो 'दत्तू' आणि सहाणेवर 'धाकले खोत'. हा फरक त्याने कधी मागितला नाही, आम्हीच पाळला. आणि त्याचा हात! चेंडू सोडताना त्याचं मनगट नुसतं वळायचं, आणि तो लांबोळा नारळ गरगर फिरत, सुतावरून गेल्यासारखा, राघूच्या खांद्यावरून पलीकडे उतरायचा. दोन वेगळ्या घरांतली, वेगळ्या ताटांतली माणसं, आणि एकाचं मनगट दुसऱ्याचे पाय ओळखत होतं. मी स्वराज्याची पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. एकी हा शब्द मला कधी पटला असेल तर तो त्या दोघांकडे बघून.

राघू पळताना मागे बघत नसे. दत्तू "जा!" म्हणाला की गेला. मी एकदा विचारलं, "तुला कळतं कसं रे, चेंडू निघाला ते?"

"समोरच्या बांधावर बाया बसलेल्या आसतात ना, त्यांची तोंडं बघायची. हनवट्या वर गेल्या का निघाला."

"आणि नाही गेल्या तर?"

राघू माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिला, की हा महाडला जाऊन शिकला तरी काय! "दत्तू हाय ना मागं," तो म्हणाला.

अशा दोन-तीन फाल्गुनांत राघूचं नाव खोऱ्यात झालं. पाचाडकडची माणसं एकदा दिवसभर चालून केवळ त्याची धाव बघायला आली. महाडच्या बाजारात तो गवताचा भारा घेऊन बसला की लोक भाव न करता विचारत, "काय राघू, औंदा किती बांध?" तो लाजून भाऱ्याची दोरी सोडायला लागे. भारा विकला जाण्याआधीच!

आता ज्या फाल्गुनाचा मला राग आहे, त्याच्याकडे येतो.

शिमग्यात आमच्या देवीची पालखी घराघरांतून फिरते. अंगणात पालखी नाचते, घरची बाई देवीची ओटी भरते, वर्षाचं गाऱ्हाणं घालते. ही पालखी आमच्या वाडीवर कधी चढली नाही. होळीचं झाड डोंगरातून आणायचं आम्ही, मशाली आमच्या, ढोलावर आमची माणसं. पण पालखी खालच्या शेवटच्या घरापाशी वळायची. वाडीच्या बायकांनी खाली जायचं, गावातल्या सगळ्यांच्या ओट्या झाल्या की मग आपल्या भरायच्या. कारण काय? वाट अवघड.

"माझ्या डोक्यावर भारा आसताना ती वाट सोपी," राघूची आई म्हणायची, "आनि देवी चौघांच्या खांद्यावर, तिला अवघड! कोनाला सांगतात रे?"

ती ओटी भरायला खाली जात नसे. हट्टी बाई. देवी येईल तेव्हा माझ्या अंगणात भरीन, म्हणायची. लग्न होऊन आल्यापासून म्हणत होती.

त्या वर्षी वरंधकरांनी आव्हान पाठवलं. तेही आता हा खेळ खेळू लागले होते आणि चांगला खेळत होते. गावाची अब्रू पणाला लागली. आप्पांनी राघूला सहाणेपाशी बोलावलं, सगळ्यांदेखत.

"राघू, वरंधकरांना पाडायचं. काय पाहिजे बोल. धोतरजोडी घेशील?"

राघू खालच्या पायरीपाशी उभा होता. "मला काय नको, आप्पा. पालखी एकदा वाडीवर चढू दे."

आप्पा हसले. त्यांचं हसणं मोठं, पान खाल्लेल्या तोंडाचं, सगळ्यांना सामावून घेणारं. "जिंकलात तर पालखी वाडीवर चढेल. सहाणेवर बसून बोलतोय."

सहाणेवर बसून दिलेला शब्द आमच्याकडे मोडत नाहीत. बापाने मुलाला दिलेला मोडेल, नवऱ्याने बायकोला दिलेला मोडेल, सहाणेवरचा नाही. तो देवीसमोरचा. एवढी गोष्ट आम्हांला पक्की ठाऊक होती, आणि त्या एका ठाऊक असण्यावर वाडीने आपलं सगळं ओझं टेकलं.

त्या दिवसांचं मला काय काय आठवतं! राबाची कामं उरकून माणसं कोयत्या घेऊन वाटेवर यायची. करवंदीच्या जाळ्या तोडल्या. मोठे धोंडे पहारीने हलवले. दोघेजण खांद्यावर बांबू घेऊन वळणावरून पुढेमागे चालून बघायचे, पालखीचे दांडे इथं फिरतील की नाही. "आजून जरा काढा रे, देवीचा कोपरा लागंल!" मुंबईहून आलेले कापडगिरण्यांतले लोक हाताला फोड येईपर्यंत खणत होते. राघूची आई रोज अंगण सारवत होती. रोज! सारवलेलं वाळायच्या आत पुन्हा. मी म्हटलं, "काकी, अजून अवकाश आहे." ती म्हणाली, "मातीला सवय व्हायला नको काय?" ओटीसाठी खण आणला, तांदूळ स्वतःच्या वाट्याचे, एकेक दाणा निवडून, अखंड तेवढे.

खाली शेतात तिसऱ्या प्रहरी राघू आणि दत्तू. "जा!" आणि गेला. "जा!" आणि गेला. खुंटांवर त्याचे पाय पडताना खसखस असा आवाज यायचा. चेंडू ओंजळीत बसताना एकच थप्प. घामाने भिजलेला दत्तू मला म्हणाला होता, "पालखी चढेल बघ. मी स्वतः खांदा देणार आहे त्या वळणावर." हे तो खोटं बोलला नव्हता. हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं, आणि म्हणूनच क्षमा करता येत नाही. वैऱ्याचं काही वाटत नाही. त्याच्यापाशी आपण काही ठेवलेलंच नसतं.

सामना होळीच्या दुसऱ्या दिवशी, पोलादपूरच्या खाली, नदीकाठच्या मोठ्या शेतात. अंगावर अजून होळीच्या होमाची राख. वरंधकर उमदे खेळले. धरायचे, पाडायचे आणि हात देऊन उठवायचे. ऊन कललं तेव्हा दोन्हीकडचे बांध बरोबरीत होते आणि शेवटचा डाव आमचा होता. एक झेल, एक बांध, की संपलं. आंब्याखाली खुर्ची टाकून आप्पा बसले होते. समोरच्या बांधावर वाडीच्या सगळ्या बायका, मध्यभागी राघूची आई.

मी मधल्या माणसांत होतो. माझ्या एका बाजूला राघूची पाठ, दुसऱ्या बाजूला दत्तूचं तोंड. दोन्ही मला दिसत होतं.

"जा!"

राघू गेला. त्या दिवशी तो जसा गेला तसा मी कधी पाहिला नव्हता. त्याच्यावर ठेवलेले वरंधचे दोघे पहिल्या काही ढांगांतच मागे पडले. कड मोकळी. शेत मोकळं. वरंधचा एकजण धावायचा थांबून बघतच राहिला. दत्तूने हात वर नेला, मनगट मागे घेतलं. मग हात तसाच राहिला. मग तो खाली आला. दत्तूने चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरला, आणि गुडघे पोटाशी घेऊन तो खाली बसला. शेताच्या मधोमध, दुखणाईत मूल बसतं तसा.

वरंधकरांनासुद्धा काय करावं कळेना. शेवटी त्यांच्यातल्या एकाने जवळ जाऊन, जपून, त्याच्या खांद्याला बोट लावलं. "शिवला," तो हळूच म्हणाला.

आणि राघू पळत होता. बायकांच्या हनुवट्या वर जायची वाट बघत. त्या गेल्या नाहीत. त्या सगळ्या त्याच्या अंगावरून पलीकडे, सरळ, काहीतरी बघत होत्या. तो बांधाला पोचला तेव्हा त्याची ओंजळ उघडीच होती. मग तो वळला. दत्तूला खाली बसलेला पाहून तो आला होता त्याच वेगाने परत धावत आला, आणि वाकून पहिला शब्द बोलला तो हा:

"दत्तू, लागलं काय रे?"

दत्तूने चेंडू आणखी घट्ट धरला.

आप्पांनी स्वतः उठून वरंधकरांच्या हातात मानाचा नारळ दिला. "खेळ म्हटला की हारजीत आली," ते म्हणाले, त्याच मोठ्या हसण्याने. "पोरांनी मेहनत केली हो. पण शब्द जिंकण्याचा होता." हरलेल्या गावात इतकी मोकळी हसरी तोंडं मी पुन्हा पाहिली नाहीत. तेव्हा आम्हांला कळलं. शब्द मोडायचा नव्हता, म्हणून सामना मोडला. वरंधकरांपुढे नाक खाली गेलेलं त्यांना चाललं. पालखी वर गेलेली चालली नसती. आणि देवीसमोर खोत खरे ते खरेच राहिले!

संध्याकाळी पालखी नेहमीच्या घरापाशी वळली. राघूची आई अंगणाच्या कडेला बसून होती. ढोल लांब जायला लागला तशी उठली, सुपातले ओटीचे तांदूळ तिने मडक्यात परत ओतले आणि चूल पेटवली. रडली बिडली नाही. रुंद केलेली वाट तेवढी राहिली. ती परत अरुंद करणं माणसाच्या हातात नसतं, ते गवत करतं.

दत्तू का बसला? पुढे कितीतरी दिवस वाडीत दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणे, काकाने घरातून हाकलायची धमकी दिली. कोणी म्हणे, आदल्या दिवशी कोंडून मारलं, पाठीवर वळ होते. कोणी म्हणे, मेलेल्या बापाची शपथ घातली. या कारणांपैकी निम्मी राघूनेच काढलेली असायची. कोणी दत्तूला शिवी दिली की तो उठून उभा राहायचा. "त्याच्या जागी तू आसतास तर काय केलं आसतंस? खातो कोनाच्या घरी तो? त्याचा इलाज नव्हता." त्याने दत्तूला कधी विचारलं नाही. विचारलं तर त्याला सांगावं लागेल, आणि सांगताना त्याला दुखेल, असं त्याचं म्हणणं. पाडवा व्हायच्या आत राघू माझ्या बापाबरोबर दासगावहून पडावात बसला आणि गोदीत पोती उचलायला लागला. गाजत असलेला खेळाडू खोऱ्यातून असा गेला, जसा भारा विकून माणूस घरी जातो.

मुंबईत तो पुन्हा खेळला नाही. बाप एक गोष्ट सांगायचा. एकदा गोदीत परदेशी खलाशी खेळत होते. एकाचा नेम चुकला आणि चेंडू पोत्यांच्या थप्पीकडे आला. राघू पाठीवर पोतं घेऊन चालला होता. पोतं न टाकता त्याने एक हात वर केला आणि चेंडू तळव्यावर घेतला. ते गोरे शिट्ट्या मारायला लागले, खुणेने ये ये म्हणाले. राघूने चेंडू वाकून भुईवर ठेवला. "माती," म्हणाला, आणि चालू लागला. त्यांना काय कळणार!

या वर्षी तो शिमग्याला घरी आला आहे. त्यानंतर पहिल्यांदाच. आणि या वर्षी दत्तू निवडणुकीला उभा आहे.

तो कुळांच्या बाजूने उभा आहे. खोताचा पुतण्या, डोक्यावर पांढरी टोपी, तोंडात कुळांची दुःखं. आमच्या कुळांच्या मंडळातले लोक हरखून गेले आहेत. मला म्हणतात, पत्रक तू लिही, तुझा हात तिखट आहे. जुनं उकरू नकोस, चळवळीला माणसं जोडायची असतात. दत्तूही म्हणाला, "पत्रकाखाली राघूचं नाव असू दे. खोऱ्यात अजून त्याच्या नावाला वजन आहे." मी म्हटलं, नाव त्याचं आहे, त्याच्याकडे माग. म्हणून परवा दुपारी दत्तू वाडीवर चढला. पालखीला अवघड असलेली वाट मतांना सोपी निघाली.

राघूच्या आईने त्याला बसायला घोंगडं टाकलं, गूळपाणी दिलं. "वाळलास रे," म्हणाली. "जेवत नाहीस काय वेळेवर?" दत्तूला बोलणं जड जात होतं, तरी तो बोलला. कुळांची वेठ, खोतांचा जुलूम, पुढचे दिवस. राघू अंगणातल्या दगडावर बसून ऐकत होता. दत्तू थांबल्यावर तो म्हणाला, "नाव घाल. माझं काय जातं? पन एक विचारायचं राह्यलं व्हतं."

"विचार ना."

"त्या दिशी तुला काय केलं रे त्यांनी?"

दत्तूला कळायला वेळ लागला. "कोणी?"

"आप्पांनी. बसलास ना तू. मारलं व्हतं काय आदल्या दिवशी?"

"नाही रे."

"घरातून काढनार व्हते?"

"नाही." दत्तूने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "काही बोललेच नव्हते ते मला. आधीही नाही. मी फेकणारच होतो, राघू. हात वर नेला आणि आंब्याखाली लक्ष गेलं. आप्पा बघत होते माझ्याकडे."

"मंग?"

"बघत होते."

"म्हंजे खूण केली?"

"नाही. नुसतं बघत होते. मला कळलं त्यांना काय हवंय ते."

राघूने हाताचा तळवा मांडीवर दोन-तीनदा घासला. "मी गोदीत मारामाऱ्या केल्या तुझ्यापायी," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "कोन काय बोललं का सांगायचो, त्याच्या पाठीवर वळ व्हते. मी बघितलेत, म्हनायचो."

"राघू, मी..."

"वळ बघितलेत, म्हनायचो मी."

आई उंबऱ्यात उभी होती. ती पुढे आली, दत्तूच्या समोर खाली बसली, आणि लहान मुलाला विचारावं तसं तिने विचारलं, "आप्पा तुज्याकडं बघत व्हते. आनि तू कोनाकडं बघत व्हतास?"

"त्यांच्याकडेच, काकी."

"माझा पोर धावत व्हता रे," ती म्हणाली. "त्याच्याकडं एकदा बघायचं व्हतंस."

दत्तूने टोपी उचलली, डोक्यावर घातली नाही. खाली गावात पालखी बाहेर निघाली असावी, कारण ढोलावर पहिली थाप पडली. ती थाप ऐकली की आमच्या वाडीतलं माणूस जिथं असेल तिथं उठून उभं राहतं, खालच्या दिशेला हात जोडतं. आजारी असलं तरी उठून बसतं. शेजारच्या अंगणात माणसं उठली. राघूची आई दत्तूच्या तोंडाकडे बघत बसूनच राहिली. राघू दगडावरून हलला नाही. दत्तू सवयीने अर्धा उठला, दोघांना बसलेलं बघून तसाच वाकून राहिला, आणि आता उभं राहायचं की बसायचं, ते त्याला सांगायला तिथं कोणी नव्हतं.